सेकंडचा माल

नानांनी तो टॉवेल अकरा वर्षं ट्रंकेत जपला,
डांबरगोळ्यांच्या वासात, रेशनकार्डाच्या खाली.
हात पुसायचा टॉवेल. फिका मोतिया.
वर एक लाल सफरचंद, खाली इंग्रजीत चौदा ओळी.
नऊ हजार नगांची ऑर्डर होती, बोटीनं गेली.
हा तेवढा राहिला,
कारण जॅकार्डचे पुठ्ठे अडकले
आणि बारावी ओळ मागावर उगवलीच नाही.

नानांना इंग्रजी येत नाही, भोकं येतात.
कुठल्या अक्षराला किती, ते अजून बोटांवर आहे.
मी वाचून दाखवलं: मैदा, लोणी, साखर,
सफरचंदं सहा, आंबट.
ते बराच वेळ गप्प.
मग म्हणाले, "म्हणजे ते खायचं होतं होय?
मला वाटलं, प्रार्थना असेल."

लक्ष्मी मंडईत हसीनाबी बागवान हसली.
"आंबट सफरचंद कोण मागतं गं?
आंबट निघालं तर आम्ही गप्प बसतो."
आणि गाड्याखालून काढून दिली
जी गप्प बसून ठेवली होती ती.

अम्मानं पहाटे साडेचारला पीठ घेतलं.
एप्रिलात सहानंतर आमच्या घरात
लोणी लोणी राहत नाही.
बर्फ शेजारच्या बोधुलांच्या फ्रिजमधला.
एक पोळी डब्यात अंथरली, वर फोडी,
गूळ नको म्हटलं तरी चिमूटभर गूळ,
वर दुसरी पोळी.
'कडा दाबून बंद करा', एवढंच टॉवेलवर होतं, कशा ते नव्हतं.
अम्मानं विचारलं नाही.
पस्तीस वर्षं रोज हजार विड्यांची तोंडं मिटलेली बोटं
डब्याभोवती एकदा फिरली.
इतकी बारीक, इतकी एकसारखी चुणी
मी कुठल्या चित्रातही पाहिली नाही.
"तंबाखू नाही," ती म्हणाली, "म्हणून हात हलका गेला."

राहिली बारावी ओळ.
आच किती, वेळ किती.
नानांनी डोळे मिटले, मांडीवर बोटं नाचवली,
हवेतले पुठ्ठे एकेक उलटले.
"तीन. पाच. पूज्य."

मुनीरभाईंच्या भट्टीवर डबा नेला.
"साडेतीनशे?
काय बे सत्तय्या, विटा भाजायच्यात का?"
मी म्हटलं, तिकडचं माप वेगळं असतं चाचा.
"मग तिकडंच भाजा."
तरी त्यांनी चिमूटभर मैदा भट्टीत टाकला,
तो तांबूस होईतो काहीतरी पुटपुटत मोजलं,
आणि खारीच्या दोन पत्र्यांच्या मधे
आमचा डबा लांब फळीनं आत सरकवला.
नाना तोंडाशीच उभे राहिले,
माग चालू असताना उभे राहायचे तसे,
कान देऊन.

एका बाजूनं फुटला. रस उकळून पत्र्यावर काळा झाला.
मुनीरभाईंनी पत्र्याचे पैसे लावले नाहीत,
एक तुकडा लावला.

घरी अम्मानं ताटलीत शेजारी शेंगाचटणी वाढली.
तिच्या लेखी कुठलंही ताट त्याशिवाय उघडं असतं.
नानांनी आधी वास घेतला.
"हे तपकिरी काय?"
दालचिनी, नाना. सातवी ओळ.
"हां. तो धागा सारखा तुटायचा."
मग खाल्लं. सावकाश, उजव्या दाढेनं.
कसं झालंय, ते बोलले नाहीत.
दुसरा तुकडा स्वतः कापला, एवढंच.

डबा उचलताना घाईत हाती आला तो
तोच टॉवेल होता.
सफरचंदाच्या खाली, बाराव्या ओळीच्या रिकाम्या जागी
आता रसाचा डाग आहे, कडेला थोडा जळका.
मी ओरडले. नाना म्हणाले,
"असू दे. पुसायलाच विणला होता."

नळाला पाणी परवा येईल.
तोवर तो दोरीवर आहे,
चौदातल्या तेरा ओळी घेऊन,
आणि मुंग्यांना बातमी लागली आहे.