लॅबची चावी

मधल्या सुट्टीत पहिल्यांदा आली
ब्रिझिता लुद्रिक, नववी ब.
हातात डबा, डब्याखाली लहानसं पुस्तक.
"काका, लॅबची चावी दिशात काय? दहाच मिनटां होयी."
कशाला गो?
"बसाक."

बसायला म्हणून दिली.
शिपायाला एवढा अधिकार असतोच.

चौघं होती त्या वर्षी.
बेडकाच्या बरणीशेजारी, मोडक्या तराजूपुढे
डोळे मिटून बसायची.
बाई नाहीत, फादर नाहीत,
फळ्यावर कुणी काही लिहून दिलेलं नाही.
एल्टन दोनशे पानी वहीतून नावं वाचायचा:
सुशांतच्या बापाची होडी,
आल्विराचं गणित,
देवगडच्या दवाखान्यातली कुणाचीतरी मावशी.
मग एक आमेन,
आणि उरल्या चार मिनिटांत
बांगड्याचं तिखलं नि भाकरी.

एकदा झाडू मारताना ऐकलं,
रात्रभर जाळं टाकलं, हाती काही लागलं नाही,
असं काहीतरी वाचत होती.
पहिल्या बाकावरचा फिस्सकन हसला,
"ह्यां तर आमच्या पप्पाचां, सोमवारचां!"
सगळी हसली. ब्रिझितासुद्धा.
अर्थ सांगायला कुणी लागलं नाही.

दुसऱ्या वर्षी सतरा.
ग्रंथालयातली दोन बाकं मी ओढून आणली,
मला कुणी सांगितलं नव्हतं.
फादर एकदा बघायला आले.
मुलांनी त्यांना मागचं बाक पुसून दिलं
आणि आपलं पुढे चालू ठेवलं.
जाताना फादरनी माझ्याकडे बघून
नुसत्या भुवया उडवल्या.

तिसऱ्या वर्षी मी मोजणं सोडलं.
वेंगुर्ल्याची दोघं एसटीनं आली,
रीत विचारून, उतरवून घेऊन गेली.
मग म्हणे कुडाळात सुरू झालं, आचऱ्यात सुरू झालं,
मांडवावरची काकडीची वेल
रातोरात शेजाऱ्याच्या कुडावर जाते ना, तसं.
तिला काय कुणी वाट दाखवतं?

मग ते पत्र आलं.
हेडमास्तरांनी बोलावलं,
चावी टेबलावर ठेवायला सांगितली.
माणूस वाईट नव्हे. चष्मा पुसत राहिले कितीतरी वेळ.
"शाळेच्या वेळात नको, वामन. शाळेच्या भिंतीत नको."
ब्रिझिताला सांगताना वाटलं, आता रडेल.
ती म्हणाली,
"बरां. मांगरात बसतलंव."

मांगर खोबरेकरांच्या रापणीचा.
जाळ्यांचे ढीग, डांबराचा वास, सुकटीची पोती.
खोबरेकर रोज तुळशीला पाणी घालणारा माणूस. म्हणाला,
"पोरां बसतत तर बसांदेत.
जाळ्यार पाय मात्र पडाक नको."
पाचला शाळा सुटली की दाराशी वाळूत
पन्नासेक चपला, एकीची दुसरीवर.

ब्रिझिता नर्सिंगला मिरजेला गेली.
वही आता पाचवीतल्या इनासकडे,
जो स्वतःचं नाव सांगताना तीनदा अडखळतो.
नावं वाचायला त्याला वेळ लागतो.
दहावीची दांडगी पोरंसुद्धा
मान खाली घालून थांबतात.

एके संध्याकाळी वही मांगराच्या दारात पडलेली दिसली.
उघडू नये. उघडली.
परीक्षा, दारू पिणारे बाप, हेडमास्तरांची साखर,
आणि अगदी पुढे, तिसऱ्या पानावर,
ब्रिझिताच्या अक्षरात, पहिल्या वर्षाची तारीख घालून:
वामनकाकांचा गुडघा.
खाली दर आठवड्याची एक रेघ.
शाई बदललेली, हात बदललेला,
रेघ कुठे चुकलेली नाही.

गुडघा अजून दुखतो, खोटं कशाला सांगू.
पण शाळेचं फाटक लावलं की
घरची वाट मी आता किनाऱ्यावरून धरतो.
लांब पडते, पाय रुततो,
तरी.
मांगराशी जरा टेकतो.
आत इनास
कुठल्यातरी नावावर अडलेला असतो.