वादी

उद्यमनगरात, लेथमागच्या खिळ्याला
एकच कापशी चप्पल लटकते. डावी.
गिऱ्हाईक विचारतं, दुसरी कुठाय?
केरबाण्णा कानशीवरनं मान वर न काढता म्हणतात,
"कंबोडियात."

मग चहा येतो. चहामागनं त्र्याण्णव साल.
निळ्या टोप्या, परके डास,
वायरलेसच्या गाडीवर हवालदार केरबा चौगले
आणि ऑस्ट्रेलियाचा नेव्ह, राहणार वॅगा वॅगा.
"नाव दोनदा का रं?"
"एकदात कुणाला ऐकूच जात नाही."

पहिल्याच दिवशी नेव्ह बॉनेटवर थाप मारून म्हणाला, "क्रुक."
क्रुक म्हणजे चोर, हे अण्णा शाळेतच शिकलेले.
"चोर कोण? सही करून घेतलीया गाडी!"
कागद दाखवला, शिक्का दाखवला.
तासभर गेला कळायला, की त्याच्या मुलखात
नासलेलं दूध, तापानं फणफणलेला माणूस, खोकणारं इंजिन,
सगळे बिचारे क्रुकच.

रविवारी निरोप आला : जेवायला ये, प्लेट घेऊन ये.
अण्णांनी मेसची थाळी राखेनं घासली,
लख्ख करून नेली. रिकामी.
तिथं ज्याच्या त्याच्या प्लेटीत काहीतरी रांधलेलं.
अण्णा आपल्या थाळीत स्वतःचं तोंड बघत उभे.

म्हणून पुढच्या रविवारी, "नेव्ह, आमच्यात जेवण हाय."
जेवण म्हणजे काय, ते त्याला
तांबड्या रश्श्यानंच सांगितलं.
नाकातनं, डोळ्यांतनं पाणी, कान पेटलेले,
आणि म्हणतो, "नॉट बॅड."
घरनं आलेला मसाला, आणि नॉट बॅड?
अण्णा दोन दिवस बोलले नाहीत.
तिसऱ्या दिवशी कुणीतरी उलगडून सांगितलं :
तिकडं नॉट बॅड म्हणजे नादखुळा.

आणि मग तो रस्ता.
दोन्ही अंगांना लाल पाट्या, पाटीवर कवटी,
चाकोरीबाहेर पाय ठेवायचा नाही.
तिथंच फॅनबेल्ट तुटला.
रेडिओवर उत्तर आलं, बेल्ट गुरुवारी.
त्या दिवशी शुक्रवार.
नेव्ह म्हणाला, "शी'ल बी राइट."
"ही कोण बाई?"
"कोणी नाही. गाडी. रस्ता. आपण दोघं."
"म्हंजे, हुतंय की."
"हुतंय की," नेव्ह म्हणाला, अगदी कागलचा असल्यागत.

अण्णांनी उजवी चप्पल काढली.
(ड्यूटीवर चप्पल कशी, विचारू नका,
बोटांत चिखल्या झाल्या होत्या.)
"तुझी थाँग!" नेव्ह ओरडला.
त्याच्यात थाँग म्हणजे चप्पल.
अण्णांच्या खिशातल्या डिक्शनरीत, चामड्याची वादी.
पहिल्यांदाच दोघांचंही बरोबर होतं.

तळाचे पदर सोलले.
एकेक पदर चकली उलटी सोडवावी तसा
कडेनं आत गोल गोल कापत नेला,
हातभर, दोन हात, चार हात वादी.
टेलिफोनच्या तारेनं शिवली, मेणबत्ती चोळली,
पुलीवर चढवली.
चामडं जळल्याचा वास, बैलगाडीचा वेग,
दर मैलाला उतरून ताण बघायचा,
उतरायचं ते चाकाच्या खुणेवरच.
अकरा मैल.

निघताना अण्णा म्हणाले, "येतो."
"कधी?"
"तसं न्हवं. जाताना असंच म्हणत्यात आमच्यात."
नेव्हला ते काही पटलं नाही.
दर नाताळाला कार्ड यायचं, खाली एकच ओळ,
मोडक्या मराठीत : येतो कधी?

परवाच्या कार्डावर अक्षर लेकीचं.
बाबा जरा क्रुक आहेत, म्हणते.
या खेपेला अण्णांना शब्द लगेच कळला.

चहाचा पेला तसाच राहिला, साय धरून.
डाव्या चप्पलला तेल लावायचं काम माझं,
सोमवारी, सुट्टीदिवशी.
आज गुरुवार. अण्णा स्वतःच स्टुलावर चढलेत,
आणि मला विचारतायत, पासपोर्टला
किती फोटो लागतात रं?