मेणाचं देणं

मामाचे पुढचे दोन दात पडले
आणि त्याची हाक गेली.
ब्रर्र, मग पोटातून एक ह्म्,
एवढीच तर होती ती. पण जिभेला टेकायला
काहीतरी लागतंच.

नोएमिया डॉक्टरीण मापुतोहून आली ती त्याआधीच.
लुजेंडाच्या काठी तंबू ठोकून
तिने मामाची हाक पेटीत भरून ठेवलेली.
शिवाय मामाचं नुसतं बोलणं, म्हणजे त्याने घेतलेलं स्वतःचंच नाव,
आणि एका होल्याचं घुमणं.
माझं काम पेटी खांद्याला लावून चालायचं,
कळ दाबायची, वहीत लिहायचं :
आलं. नाही आलं.

बायकांनी मधाला जायचं नाही, ही आमच्यातली रीत.
मामा हाक शिकवायचा ती भावाला, अवसीला.
मी पलीकडे मक्याची कणसं सोलत बसलेली,
हात कणसावर, कान तिकडे.

सेगो म्हणतात त्या पाखराला.
तपकिरी, शेपटीला पांढरी कड,
बाजारात उभं राहिलं तर कुणी वळून बघणार नाही.
होल्याच्या घुमण्याला ते क्वचित यायचं,
मामाच्या नावालाही फारसं नाही.
हाकेला मात्र
चट् चट् चट् करत या फांदीवरून त्या फांदीवर,
आम्ही मागे पडलो तर थांबून,
थेट त्या झाडापर्यंत जिथे ढोलीत मधमाश्या.
तिथे मी खूण करायची आणि परत फिरायचं.
कुऱ्हाड नाही, धूर नाही.

हे मामाला सांगितलं
तेव्हा त्याच्या हातातला मक्याचा गोळा हातातच राहिला.
म्हणजे माझ्या आवाजाने खोटं बोलता?
शास्त्र आहे, मामा.
असेल. त्याचं मेण?

एका रात्री नोएमियाने काळोखात टिपलेलं चित्र दाखवलं.
राघूचं बीळ. सेगोची आई तिथे अंडं टाकून गेलेली.
पिल्लू आंधळं, उघडं,
चोचीच्या टोकाला दोन आकडे, जन्मतःच.
राघूचं पिल्लू अंड्यातून निघालं
तसं त्याने ते धरलं, चावलं,
दम खाल्ला,
पुन्हा चावलं.
मग राघूची आई आत आली
आणि तिने त्याच चोचीत माशी भरवली.
मी तोंड फिरवलं.
आकडे पुढे गळून पडतात, नोएमिया म्हणाली.

मी विचारलं, आईचं तोंड नाही पाहिलं,
बापाचा गळा नाही ऐकला, वाढलं राघूच्या घरात.
मग आमचा शब्द त्याला कुणी शिकवला?
तिकडे टांझानियात कुठे लोक शीळ घालतात म्हणे,
तर तिथली पाखरं शिळेलाच येतात.
ते कसं?
अजून माहीत नाही, ती म्हणाली,
आणि अशी हसली
की जणू भांड्याच्या तळाशी अजून काही गोड उरलंय.

रविवारी पेटी तंबूतच राहिली.
मी कुऱ्हाड घेतली, विस्तव घेतला,
गाव दिसेनासं होईपर्यंत चालले.
पहिल्यांदा नुसती थुंकी उडाली.
दुसऱ्यांदा ब्रर्र निघालं, पण ह्म् घशातच.
तिसऱ्यांदा
मला वाटतं मी कणसं सोलत होते.

चट् चट् चट्.

कधीकाळी कुणाला मारून मोठं झालेलं ते,
न शिकवलेला शब्द बोलणारी मी,
दोघं निघालो.
ढोली खालीच होती, चढावं लागलं नाही.
कपाळाला चार डंख, मनगटाला किती मोजले नाहीत.
हिरव्या पानावर पोळ्याचा तुकडा ठेवून
मी मागे सरकले आणि पाठ केली,
जेवणाऱ्याकडे बघत राहू नये.

घरी मामाने बोट मधात बुडवून चाटलं.
हाक कुणी दिली, हे विचारलं नाही.
मेण ठेवलंस?
ठेवलं.
वहीत झाडं किती?
सतरा.
तो बराच वेळ बोट चाटत राहिला.
मग म्हणाला,
सोळा राहिली.