मोजमाप पुस्तिका

एकतीस मार्चच्या आत निधी संपला पाहिजे,
म्हणून वसंत आमच्याकडे फाइलमधून येतो:
वॉर्ड चौदा ते सतरा, बाह्य दुरुस्ती व परिसर,
हिवाळ्यात झालेली हानी नमूद करावी.

नमूद करते.
पश्चिमेची भिंत. तडा. चार मीटर दहा.
झिंगरू मिस्त्री तड्यात नख घालतो, कान लावतो,
राउंडवरच्या डॉक्टरसारखा थोडा वेळ काहीच बोलत नाही.
"वरचंच हाये मॅडम. थंडीनं कातडं उललं. हाड साबूत हाये."
मी लिहिते: गिलावा, केवळ पृष्ठभाग.

गारांनी फोडलेले पत्रे, नऊ.
गच्चीवरची टाकी, झाकण नाही,
आत कडुनिंबाच्या पानांचा काढा,
अख्ख्या वॉर्डाने महिनाभर प्यायलेला, आणि तक्रार शून्य.
आकसलेली दारं आता बंद होतात पण लागत नाहीत.
तेवीस नंबरच्या खिडकीत काच नाही,
कुणीतरी एक्स-रे चिकटवलाय चारी बाजूंनी सलाइनच्या टेपने.
एका अनोळखी माणसाच्या बरगड्यांतून
सकाळ पलंगावर पडते.
काच, तीन मिलिमीटर, नग एक.
झिंगरू एक्स-रे काढतो, गुंडाळतो,
कुठे ठेवू विचारत नाही, काखेत धरून पुढच्या खिडकीकडे जातो.

घाई करावी लागते.
नागपुरात थंडी आणि उन्हाच्या मध्ये
जेमतेम पंधरा दिवसांची फट असते,
तेवढ्यात चुना, तेवढ्यात रंग, तेवढ्यात कूलरच्या ताट्या,
तेवढ्यात पंचफुलाबाईने झाडलेलं आवार
निंबाने तिच्या पाठीमागे पुन्हा भरून टाकणं.
ती चिडत नाही. "त्याचंबी मार्च एंडिंग असन," म्हणते.

बाक, सागवानी, नग सहा.
मोजले: पाच.
पुन्हा मोजले.
सहाव्याच्या जागी जमिनीतून वर आलेले चार बोल्ट
आणि त्यांच्या मधोमध
कढईएवढं काळं वर्तुळ.

चौकीदार पटले टोपी काढून उभा राहतो.
"पाच डिग्री होतं मॅडम त्या राती. पेपरात आलं होतं.
बालाघाटकडची माणसं, आत सून बाळंतपणाले,
बाहेर हे सगळे. म्हातारीचे दात वाजत होते,
मले वाटलं कोणी कुलूप हलवून राहिलं.
ओल्या फांद्या काही पेटल्या नाही."
एवढं सांगून थांबतो.
झिंगरू दुसरीकडे बघत म्हणतो,
"सागवान चांगलं जयते."

माझ्या पुस्तिकेत रकाने आहेत:
लांबी, रुंदी, खोली, शेरा.
शेऱ्यात लिहिता येतं गहाळ, म्हणजे पोलीस.
लिहिता येतं हेतुपुरस्सर, म्हणजे पटलेचा पगार, सात महिने.
मी पेन झटकते. शाई आहे, तरी झटकते.
"उधई लिहा ना," झिंगरू म्हणतो, "उधई काहीबी खाते."

लिहिलं. उधईने खाल्लेला. निकामी. निर्लेखित करावा.
सही केली. हात थरथरला नाही,
याचंच जरा वाईट वाटलं.

आठव्या दिवशी वरून टीप आली:
गंभीर बाब. संपूर्ण परिसरात
उधई प्रतिबंधक उपचार, तातडीने, निधी मंजूर.
मग आम्ही निरोगी जमिनीला
दर फुटावर भोक पाडत गेलो,
दर भोकात औषध, नाकाला फडकं बांधून,
पंचफुलाबाई झाडूवर हनुवटी टेकून बघत राहिली.
दोनशे ऐंशी चौरस मीटर. मोजले. खरे मोजले.

"बोल्ट कापून टाकू?" झिंगरूने शेवटी विचारलं.
राहू दे. नवा बाक येईल.
"कधी?" हे पटलेने विचारलं.
पुढच्या मार्चात.
"म्हणजे थंडीच्या नंतर."
हो. नंतर.

तो काही बोलला नाही.
उरलेल्या पाच बाकांकडे बघत राहिला,
ओठ हलत होते,
मोजत असावा.