पंचांची मान

भालचंद्र तारे, वय चौऱ्याहत्तर, रामबाग, इंदूर.
पंखा पुसताना स्टुलावरून पडले.
चालत आले, मान दोन्ही हातांत धरून,
काठोकाठ भरलेलं पातेलं
शेजारी पोचवायला निघावं तशी.

दुसऱ्या मणक्यातून एक सुळका वर येतो,
पहिल्या मणक्याच्या कड्यात उभा राहतो,
जात्याच्या खुंट्यासारखा.
त्याच्याभोवती आपण डोकं फिरवतो.
ताऱ्यांचा खुंटा बुडाशी मोडला होता.

प्रकाशपेटी बंद, म्हणून शिंत्रे सरांनी
फिल्म खिडकीच्या काचेला धरली.
समोरून गेलो तर, ते म्हणाले,
गळ्याच्या उजव्या अंगाला चीर,
अन्ननलिका, श्वासनलिका हलकेच बाजूला,
आणि खालून वर एकच स्क्रू.
जबड्यात बुचाचा तुकडा, तोंड उघडं राहावं म्हणून,
नाहीतर दातांआड सुळका दिसत नाही.
जमलं तर मान पूर्वीसारखी वळेल.

मागून गेलो तर चार स्क्रू, दोन सळया.
शेजारून मेंदूकडे जाणारी धमनी,
आणि शिरांचं एक जाळं, ते चिडलं
की नुसतं दाबून उभं राहायचं, घड्याळाकडे न बघता.
हाड पक्कं जुळेल. वळणं अर्धं जाईल.

तिसरा रस्ता: कवटीला खिळे, भोवती चौकट,
तीन महिने. या वयात
त्यात झोपवायचं म्हणजे...
सरांनी वाक्य तिथेच सोडलं.

संमतीचा कागद माझ्याकडे, मी सगळ्यात धाकटा.
"अर्धं म्हणजे किती?" त्यांनी छताला विचारलं.
एकतीस वर्षं ते टेबल टेनिसचे पंच होते.
जाळीच्या रेषेत खुर्ची,
डावीकडे, उजवीकडे, डावीकडे.
"एका सामन्यात मान किती वेळा फिरते
ते मोजायला घेतलं होतं, भिया.
दुसऱ्या गेमलाच गुण विसरलो."

मी परत सरांकडे. समोरून का नाही?
त्यांनी पेनाच्या टोकाने भेग दाखवली,
मागून पुढे, खाली उतरत आलेली.
"इथे समोरून स्क्रू कसलास
तर तुकडा याच उतारावरून घसरेल.
आणि हाड बघ. ओल्या बिस्किटात खिळा."
मला वाटत होतं, निवडायचं आम्हाला आहे.
निवड तर पडतानाच होऊन गेली होती,
स्टूल कुठल्या बाजूला कललं त्यावरून.

पालथं करताना डोकं माझ्या हातांत होतं.
सहा जण. एक, दोन, तीन.
माणसाचं डोकं इतकं जड असतं
हे कुठल्या परीक्षेत विचारलं नव्हतं.
भुलीच्या बाई म्हणाल्या, सावकाश.
मी श्वास घ्यायचा विसरलो,
त्यांचा चालू होता, यंत्रावर.

तीन महिन्यांनी ओपीडीत आले, लेक ऋजुताबरोबर.
हाक मारली तर आख्खे वळले,
कपाट सरकवावं तसे, खांद्यांसकट.
लेकीची तक्रार वेगळीच:
"होकाराची मान हलते, डॉक्टर, नकाराची अडते.
भाजीवाला, विमावाला, वरच्या मजल्यावरचे,
सगळ्यांना बाबांचं हो वाटतं.
परवा तीन किलो गिलकी घरात."
तारे हसले, मान वरखाली करून.

"आणि सामने?"
"जातो ना. जागा बदलली.
पंच नाही आता, टेबलाच्या टोकाला बसतो,
खेळाडूच्या पाठीमागे.
चेंडू सरळ येतो, सरळ जातो, मान हलवायचं काम नाही.
फक्त एक आहे."
खुर्चीसकट वळून त्यांनी माझ्याकडे पाहिलं.
"चेंडू कडेला घासला की नाही
ते त्या जागेवरून दिसत नाही.
शेजारच्याला विचारावं लागतं."