उजेडाची परीक्षा

कंटेनर कोणी म्हणत नाही आमच्यात.
डबा म्हणतात,
वावरात भाकर नेतो तसाच शब्द.
सकाळच्या गाडीनं येतात बंदरावरून,
पंचेचाळीस वाघिणी, नव्वद डबे,
हिरवे, विटकरी, एक गुलाबीही आला होता मागं.

माझं काम आत जाण्याचं.
मी आत गेली की तुळसाबाई बाहेरून दार लावते,
दांडा फिरतो,
आणि मी अंधारात उभी राहून पाहते
कुठून उजेड येतो.
सुईच्या टोकाएवढं भोक दिसलं
तरी डबा नापास.
ह्यात रुईच्या गाठी भरायच्या असतात,
आणि दर्यावर पाणी म्हणे फक्त वरून येत नाही.

साहेब म्हणतात दोन मिनिटं बस झाली.
मी शंभर मोजते.
साठपर्यंत जो दिसतो तो उजेड खोटा,
बाहेरून डोळ्यात भरून आणलेला.
नवतप्यात मोजता मोजता आकडे वितळतात,
ऐंशीनंतर पुन्हा सत्तर येतात.

कागदावर लिहिलेलं असतं : रिकामा.
रिकामं काही येत नाही.
एकात लाकडाचा भुसा होता,
आमच्या रानातल्या कोणत्याच झाडाचा वास नव्हता त्याला.
एकात पुठ्ठा, न कळणारी अक्षरं,
खाली छत्री आणि पेला.
छत्री म्हणजे भिजवू नका, पेला म्हणजे आपटू नका.
एवढं वाचता येतं मला.
एकदा पत्र्यावर पांढरं काही साचलं होतं,
बोट लावून चाटलं.
"काय खातं वं?" तुळसाबाई ओरडली.
मीठ होतं.
समुद्र माझ्याजवळ तेवढाच.

मागच्या आठवड्यात ट्रेलर घेऊन आला
उरणकडचा हिराजी घरत,
रात्रभर त्या सरळ रस्त्यानं.
वळण नसलं की झोप येते म्हणाला.
माठातलं पाणी प्याला, तीन लोटे.
म्हणाला, जिथून डबा उचलला
तिथं आमचं मिठागर होतं,
आज्याच्या फावड्याचा दांडा अजून घरी आहे.
मी क्रेनच्या चौथ्या चाकाकडे बोट दाखवलं.
तिथं आमची विहीर.
मुरूम टाकत होते तेव्हा तीन दिवस
आतून पाण्याचा आवाज येत होता.
तो म्हणाला, आमच्याकडे भरती अजून येते,
उधाणाला डांबर ओलं होतं,
कोणी पाइप फुटला म्हणून तक्रार करतं.
मग त्यानं विचारलं, पैसे किती मिळाले?
मी सांगितलं.
त्यानं त्याचे सांगितले.
दोघंही थोडा वेळ टायरकडे पाहत बसलो.

त्याच डब्यात दिसलं मला.
छताला, उजव्या कोपऱ्यात, एकच.
उन्हाची काडी सरळ खाली आलेली,
तिच्यात धूळ चढत उतरत होती.
मी तळहात धरला,
ज्वारीच्या दाण्याएवढं ऊन पडलं त्यावर.
शंभरच्या पुढे मोजत राहिली.

खोब्रागडे सुपरवायझर म्हणाले, जाऊ दे ना बाई,
आज रात्री गाडी सुटली नाही तर जहाज चुकते,
दुसरा डबा कुठून आणू?
टेप लाव वरून.
मी म्हटलं, टेप आतून लावू का बाहेरून?
ते हसले नाहीत.
मी खडूनं दारावर फुली मारली,
हात थरथरला, फुली वाकडी आली,
पण फुलीच होती.
हिराजीचा खेप-भत्ता बुडाला.
तो काही बोलला नाही, हेही मला लागलं.

घरी आली तर लाइट गेली होती.
डेपोत नव्हती गेली.
दार लावून घेतलं,
खाटेवर उताणी पडून टिनाकडे पाहिलं.
एक, दोन, चुलीच्या वरचं तिसरं,
पोरानं चेंडू मारला होता तिथलं.
डेपोच्या उंच दिव्याचा उजेड
सगळ्यांतून आत येत होता.
अकरा मोजली.
साठ झाले नव्हते अजून,
म्हणून पुन्हा पहिल्यापासून.