अठरा पॉइंट हवा

सोनकुसऱ्यांचा ऋत्विक दुपारी दोनला आला.
सेहेचाळीसचं ऊन. वाडीच्या माझ्या शेडमध्ये
पाना उचलायलाही ओला फडका लागत होता.
त्याची पिकअप घोडीवरच्या नवरदेवासारखी उंच,
चाकांना अजून नव्या रबराचा वास.
बॉनेट उघडून म्हणाला,
मावशी, हिच्यात आणखी शंभर घोडे बसवून द्या ना जी.

मी वाकून पाहिलं.
दोनशे आधीच आत उभे होते,
धरमपेठेच्या सिग्नलला नुसते फुरफुरणारे.
रेडिएटर तापून शिट्टी घालत होता.
काऊन रे, मी विचारलं, पळवायचं कुठे इतकं?

कन्हानच्या रेतीत दम तुटते हिचा, तो म्हणाला.
गेल्या रविवारी फसली.
पोट्टे हसून राहिले होते. व्हिडिओ काढला त्यांनी.

रेतीत दम नाही लागत, बापा,
पाय पसरावे लागतात.
उंटाला विचार.
तू जितका जोर लावशील
तितकी ती स्वतःचाच खड्डा खोदेल,
अन् घोडे जास्त असले
तर खड्डा लवकर होईल, एवढंच.

असं मी म्हटलं. म्हणायला सोपं असतं.
पण बाबांच्या जुन्या जीपमध्ये, मी चौदाची असताना,
एका बंद खदानीचा चढ
संपायला दोन हात उरला होता
अन् इंजिन म्हणालं, बस.
बाबांनी ब्रेकवर उभं राहून
इंच इंच मागे घेतली.
डिझेल पंपाच्या बेंचवर आयुष्य काढलेला माणूस
त्या संध्याकाळी काहीच बोलला नाही.
ते दोन हात अजून माझ्या पोटऱ्यांत दुखतात.
तेव्हा कुणी विचारलं असतं, ताकद लागते का,
तर मी दगड मारला असता.

रविवारी पहाटे कन्हानला गेलो.
चारी चाकांशी उकिडवी बसले,
व्हॉल्व्हमध्ये काडी खुपसली.
हवा सुटत गेली, फुस्स, फुस्स,
घड्याळाचा काटा पस्तीसवरून अठरावर.
टायर पोट सोडून बसले
जेवण झालेल्या पाहुण्यांसारखे.
दुसरा गिअर टाक, म्हटलं. अन् पाय हलवू नको.

गाडी नदी ओलांडून गेली.
धूळ नाही, गर्जना नाही,
मागे फक्त दोन रुंद, चपटे पट्टे.
डांगरवाडीतल्या म्हाताऱ्याने मानही वर केली नाही.
कुणी हसलं नाही.
ऋत्विक पलीकडे उतरला, जरा वेळ उभा राहिला.
मावशी, तो म्हणाला, मजा नाही आली.

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं.
नदी पार करणं त्याला कधी हवंच नव्हतं बहुतेक.
त्याला हवा होता तो आवाज,
बरगड्यांच्या आत शिरणारा,
रेती चार माणूस उंच उडवणारा.
अन् त्या आवाजाला गरज म्हणायचं की नाही
हे ठरवणारी मी कोण?

पुन्हा हवा भरली. परतताना रिंगरोडवर
त्याने चावी माझ्या हातात दिली.
रस्ता रिकामा होता. डाव्या हाताला कोराडीची धुरांडी.
मी दाबला पाय.
पाच सेकंद, फार तर सहा.
पाठ सीटला चिकटली
अन् कुठेतरी तो चढ,
ते उरलेले दोन हात,
खालून सरकन निघून गेले.
मी पाय उचलला. तो माझ्याकडे पाहत होता.
मी खिडकीबाहेर पाहिलं.

संध्याकाळी बिल केलं.
ऑइल, फिल्टर, रेडिएटरचा पाइप.
हवा सोडायचे पैसे कोणत्या रकान्यात लिहायचे
ते कळेना, तसंच ठेवलं.
टर्बोचं पुस्तक बेंचवर उघडं पडलेलं,
कूलरच्या झोतात पानं उलटत होती.
ब्रेक आधी बदलावे लागतील, मी म्हटलं,
मग बघू.
अन् पुस्तकावर बारा-तेराचा पाना ठेवला.
कोणत्या पानावर, ते त्यानेही विचारलं नाही.